जीव नसलेला दाणा

बापूजी,

रविवारी पांजरापोळीतल्या नव्या गोठ्याला तुमचं नाव द्यायचं ठरलंय आणि त्या कार्यक्रमात तुमच्याबद्दल चार शब्द मी बोलायचे आहेत. विषय जीवदया. त्यासाठीच कागद घेऊन बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि पेन पुढे सरकेना, कारण नाकातला वास जाईना. मग भाषण बाजूला ठेवलं आणि तुम्हालाच लिहायला घेतलं. शाळेच्या मराठीत लिहितेय, आपल्या घरच्या मारवाडीत नाही. घरच्या बोलीत मी तुमच्यापुढे कधी आवाज चढवला नाही, आता या वयात ते जमायचं नाही. आणि आज मला तुमच्यावर रागवायचं आहे.

परवा त्या नव्या गोठ्यात एका गाईचं पोट उघडलं. बाजारात मोकाट फिरणारी गाय, पोट ढोलासारखं ताणलेलं, पुढ्यात चारा टाकला तरी तोंड फिरवणारी. पांजरापोळीची माणसं तिला टेम्पोत घालून घेऊन आली होती. धुळ्याकडचा एक तरुण डॉक्टर आला. त्याने तिला लोखंडी खोड्यात उभं केलं, डाव्या कुशीवरचे केस भादरले, बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि कातडीवर सरळ चीर दिली. गाय उभीच होती, जागी होती, कान हलवत होती. देणगीदारांपैकी कुणीतरी हजर असावं म्हणून मला बोलावलेलं. सोबतचे दोघे विश्वस्त काका चीर पडताच ‘फोन आला’ म्हणून बाहेर गेले ते गेलेच. डॉक्टरने खांद्यापर्यंत पोचणारा हातमोजा चढवला आणि हात आत घातला तो पार काखेपर्यंत. बाहेर आलं ते आधी मला चाऱ्याचंच काहीतरी वाटलं. काळपट, चिकट, पिळलेल्या वेणीसारखं लांब. त्याने ते घमेल्यात टाकलं तेव्हा ते उलगडलं. पिशव्या, बापूजी. पिशवीत पिशवी, तिला गुंडाळलेली सुतळी, सुतळीत अडकलेलं दुधाच्या पिशवीचं कोपरं, एका गाठीत अजून न फुटलेला शिळ्या भाताचा गोळा. आणि वास! नासलेल्या ताकाचा, कुजलेल्या शेणाचा, आणि त्याच्या खालून येणारा तो मेणचट वास, जो मी रोज आपल्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात घेते आणि ज्याला मी वास समजतच नाही. मी पदर नाकाला लावला.

घमेलं भरायचं, माणूस ते मागे नेऊन ओतायचा, पुन्हा भरायचं. गाय मधूनच मान वळवून आपल्याच कुशीकडे बघायची. एका घमेल्यात मला लाल रंग दिसला. मी वाकले. गावातल्या फरसाणवाल्याचं शेवेचं पाकीट होतं. त्यावर मिरचीचं चित्र, आणि मिरचीचा लाल रंग तिच्या काळ्या रेघेबाहेर जरासा डावीकडे सांडलेला. दिवाळीच्या आधीची ती खेप. छापताना सिलिंडर सरकला होता म्हणून मी मिस्तरीशी कडाकडा भांडले होते, त्यामुळे ती मिरची मी कुठेही ओळखली असती. मी ते पाकीट उचललं आणि अंगठ्याने पुसलं. वरचा चिकटा निघाला, छाप जशीच्या तशी. त्या फरसाणवाल्याला मी स्वतः म्हणाले होते, घासून बघा शेठ, आमची शाई उडाली तर सगळा माल परत. इतके महिने गाईच्या पोटात भिजून, मुरून, मळून निघूनही उडाली नाही. डॉक्टरने विचारलं, ‘मॅडम, काही ओळखीचं आहे का?’ मी नाही म्हणाले. ते पाकीट परत घमेल्यात टाकलं आणि हात धुवायला नळावर गेले. साबण तीनदा लावला तरी त्या दिवशी मला त्या हाताने जेवता आलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात माझ्यावर राग कसला? पाकिटं तर तुम्ही गेल्यावर आली. तुमच्या वेळी साध्या पिशव्या होत्या, धान्याच्या पोत्यात घालायची अस्तरं होती. तरी राग तुमच्यावरच आहे, कारण हा धंदा पवित्र आहे असं आम्हाला तुम्ही शिकवलंत. धंदा बरा आहे, चालतो, पोट भरतं, एवढंच शिकवलं असतंत तर आज मी शांतपणे भाषण लिहिलं असतं.

खांडबाऱ्याचं आपलं दुकान मला आजही जसंच्या तसं दिसतं. स्टेशनाकडून येणारा रस्ता, दुकानाची उंच पायरी, आत तुरीची, उडदाची, भाताची थप्पी. पावसाळ्यात दाण्याला सोंडे लागायचे. बाकीचे व्यापारी पोत्यांत विषाच्या गोळ्या टाकून ताडपत्री घालत आणि मोकळे होत. तुम्ही गोळीला हात लावला नाहीत. तुम्ही चाळण घेऊन बसायचात, किडे कागदाच्या पुड्यात घ्यायचात, सोबत मूठभर फुटका दाणा ठेवायचात आणि तो पुडा दुकानामागच्या कडुनिंबाच्या सावलीत नेऊन हलक्या हाताने उघडायचात. गिऱ्हाईक हसायचं. एक म्हातारा शेतकरी तर पायरीवर बसूनच म्हणायचा, ‘शेठ, किडासले बी जेवाडी ऱ्हायनात का तुम्ही?’ तुम्ही हसून म्हणायचात, ‘मंग काय करू आबा, त्यासले बी पोट शे.’ अहिराणी तुम्ही त्यांच्यापेक्षा गोड बोलायचात. मी पायरीवर बसून हे ऐकते आहे, तोंडात गूळ आहे, आणि माझ्या बापासारखा माणूस साऱ्या खांडबाऱ्यात नाही अशी माझी खात्री आहे.

मग ते तुरीचं वर्ष आलं. पाऊस लांबला, हवा दमट, आणि मागच्या खोलीतली थप्पीच्या थप्पी जिवंत झाली. पोत्याला कान लावला तर आतून करकर ऐकू यायची. तुम्ही गावाला गेला होतात. मजुरांनी ऊन पडलेलं बघून चांगल्या मनाने सगळी तूर अंगणातल्या फरशीवर पसरली. तापलेल्या फरशीवर किडे बाहेर निघाले, पळाले, मजुरांच्या पायाखाली आले, उरलेले उन्हाने वाळले. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा आई झाडू घेऊन उभी होती आणि तिला झाडायचा धीर होत नव्हता. चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीकडेने आत गेलात. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही बिनमिठाचं, बिनतेलाचं, उकडलेलं तेवढं एकवेळ खाल्लंत. पर्युषणात सगळे एकमेकांची क्षमा मागतात, तुम्ही मागच्या खोलीत जाऊन रिकाम्या फरशीची मागितलीत. आणि दिवाळी यायच्या आत पिढ्यांचं धान्याचं दुकान बंद केलंत. आई रडली, काका भांडले, बाजारात लोक म्हणाले शेठचं डोकं फिरलं. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता आणि खरं तर अजूनही वाटतो, म्हणूनच इतका संताप होतो.

महाराजसाहेबांच्या प्रवचनात श्रावकाने, संसारी जैनाने, कोणते धंदे करू नयेत ते येतं. कोळसे पाडू नयेत, हस्तिदंत विकू नये, विष विकू नये, जंगल तोडू नये. तुम्ही त्यातला एकेक धंदा मनातल्या मनात खोडत गेलात आणि शेवटी जे उरलं ते प्लॅस्टिक. त्यात प्लॅस्टिक नव्हतं, बापूजी, कारण ते सांगणाऱ्यांनी प्लॅस्टिक पाहिलंच नव्हतं! एवढी साधी गोष्ट तुमच्या, आईच्या, काकांच्या, कुणाच्याच ध्यानात आली नाही. वर्ज्य सांगितलेलं नाही, त्याअर्थी शुद्ध. असा हिशेब आपल्याच लोकांना सुचू शकतो.

नंदुरबारला गावाबाहेर पत्र्याची शेड घातली, अहमदाबादहून जुनं मशीन आणलं. आईने त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. प्लॅस्टिकच्या दाण्याचं पहिलं पोतं तुम्ही स्वतः उसवलंत. पांढरा, दुधी, साबुदाण्याएवढा दाणा. तुम्ही त्यात कोपरापर्यंत हात घातलात, ओंजळ भरून वर धरलीत आणि बोटांतून सोडलीत. पोत्याला कान लावलात. मग माझ्याकडे बघून म्हणालात, ‘इणमें जीव कोनी.’ यात जीव नाही. तुमचा चेहरा असा उजळला होता की मी पण पोत्याला कान लावला. आत काही नव्हतं, अगदी काहीच नव्हतं. पावसाळा येवो, उन्हाळा येवो, या दाण्याला कधी किडा लागणार नाही, कुणी मरणार नाही. एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही. मशीन थंड ठेवायला हौदातलं पाणी फिरवावं लागतं, तर त्या पाण्यात एखादा जीव जाऊन भाजू नये म्हणून तुम्ही नळीच्या तोंडाला पाणी गाळायचं धोतराचं फडकं दुहेरी करून बांधलंत. मिस्तरी ते फडकं आजही बदलतो, नवीन पोरं हसतात तर त्यांना शिव्या घालतो.

आणि ते बनताना बघणं, ते तर मला तेव्हा जादूच वाटायचं. वरच्या नरसाळ्यात दाणा ओतायचा. आत मोठा स्क्रू फिरतो, बाहेरून तापवतात, दाणा वितळून मधासारखा दाट होतो आणि गोल फटीतून वर येतो. मधून हवा सोडली की त्याचा फुगा होतो, माणसापेक्षा उंच, पार छताकडे चढत जाणारा, आणि वर जाता जाता थंड होतो. वरचे रूळ त्याला दाबून सपाट करतात, गुंडाळी होते, मग कापायचं आणि तापलेल्या पातीने तळ जोडायचा की पिशवी तयार. तुम्ही मला फुग्याजवळ उभं करायचात आणि म्हणायचात, हवा कमी झाली तर जाड, जास्त झाली तर फाटतो. मी शाळेत शिकून आले की हा दाणा जमिनीखालच्या तेलापासून होतो, आधी तेल, तेलातून वायू, वायूचे कण एकमेकांत गुंफून दाणा. आणि ते तेल म्हणजे फार फार जुन्या काळी मेलेले जीव. मी घाबरत तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही जेवता जेवता थांबलात. म्हणालात, ‘ते आपण नाही मारले.’ आणि पुढे जेवू लागलात. आईला हसू आवरेना. तेव्हा मलाही हसू आलं होतं.

पिशवीचं भलं मी नाकारत नाही, तितकी कृतघ्न मी नाही. मोलगीचा बाजार मला आठवतो. जीपच्या टपावर पिशव्यांचे गठ्ठे, आत मी तुमच्या मांडीवर, घाटात दोनदा उलटी केलेली. पावसाची बुरबुर चालू होती. एक बाई मीठ घेऊन दोन डोंगर पलीकडे चालत जाणार होती, मीठ सागाच्या पानात बांधलेलं आणि पानातून पाणी गळतंय. घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं मीठ वाटेवर राहणार हे तिलाही माहीत होतं. तुम्ही गठ्ठा सोडून एक पिशवी काढलीत, तिचं मीठ त्यात ओतलंत, तोंडाला गाठ मारून दिलीत. तिने ती पुडी उलटी करून बघितली. एक थेंब नाही! ती जे हसली ते मी विसरलेले नाही. पुढच्या खेपेला तिने तुम्हाला हुडकून काढलं आणि आमचूर दिलं, त्याच पिशवीत, स्वच्छ धुतलेल्या. आईसुद्धा पिशव्या धुऊन कपड्यांच्या तारेवर चिमटे लावून वाळत घालायची. त्या दिवसांत पिशवी फेकतं कोण? फेकायची वस्तू आहे हे लोकांना आम्ही नंतर शिकवलं, स्वस्त करून करून शिकवलं.

तुम्ही मला एकदाच मारलंत. पावसाळ्यात शेडमागच्या गवतातून मी एक हिरवा नाकतोडा धरला आणि कटाईच्या मशीनवरच्या पिशवीत घालून तोंडाला गाठ मारली. त्याच्या उड्या आतून दिसत होत्या, पिशवी टकटक वाजत होती, मी खूश. तुम्ही आलात, पिशवी फाडलीत, तो उडून गेला आणि माझ्या पाठीत धपाटा बसला. ‘थैलीत जीव घालतेस? त्याचा श्वास कोंडेल, कळत नाही?’ मग मला उपाशी ठेवलंत आणि माझ्यासोबत तुम्हीही जेवला नाहीत. परवा घमेल्याशेजारी उभी असताना माझ्या पाठीला तो धपाटा आठवत होता. एका नाकतोड्यासाठी तुमचा हात उठला होता. पिशवीत जीव जायला नको, एवढीच काळजी तुम्ही घेतलीत. जिवात पिशवी जाईल हे तुमच्यासारख्या बारीक बघणाऱ्या माणसाला कसं सुचलं नाही?

तुम्ही गेल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगते. सुरतेचं माझं घर नवऱ्याच्या मागे संपलं, मी परत आले आणि कारखान्यात बसू लागले, छपाईचं मी बघते, बाकी सगळं भाऊ बघतो. सरकारने पातळ पिशव्यांवर बंदी घातली तेव्हा त्याने पाकिटांचं मशीन आणलं. ही पाकिटं म्हणजे पिशवीची बहीण नव्हे, सवत आहे. आतला थर शेवेला लागणारा, मधला चंदेरी, ऊन आणि हवा अडवणारा, वरचा छापायचा, आणि तिन्ही एकमेकांना असे चिकटवलेले की देवालाही सोडवता येऊ नयेत. त्यामुळे शेव महिनोन्‌महिने कुरकुरीत राहते, तेलाला खवट वास येत नाही, दमट हवेत मसाल्याला बुरशी धरत नाही. हे सगळं मी गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगते आणि ते खरं आहे. पण साधी पिशवी भंगारवाला उचलतो तरी, हे पाकीट तो पायाने बाजूला सारतो, कारण थर सुटे करता येत नाहीत म्हणजे पुन्हा वितळवता येत नाही. शेव पाच मिनिटांत संपते. पाकीट खारट असतं, तेलकट असतं, कचऱ्यात सगळ्यात छान वास त्याचाच येतो.

मला कुणाकुणाची शिसारी आली आहे ते सांगायला गेले तर कागद पुरणार नाही. गेल्या महिन्यात गावात प्लॅस्टिकमुक्तीची फेरी निघाली, मुलांच्या हातात फ्लेक्सचे फलक, फेरी संपल्यावर प्रत्येकाला पाण्याची बाटली आणि वेफर्सचं पाकीट. आपल्याच कारखान्याने त्या फेरीला हातभार लावला, मीही फेटा बांधून फोटोत उभी राहिले. रविवारी गोठ्यावर तुमचा फोटो लागणार आहे, सात फुटी, फ्लेक्सवर. खाली लिहिलंय ‘जीवदयाप्रेमी’. लाडूचा प्रसाद वाटायचाय, त्याची पाकिटं काल छापून झाली. त्यावरही तुमचाच फोटो आहे, आणि या वेळी रंग अजिबात सरकलेला नाही. तो प्रसाद खाऊन लोक पाकीट कुठे टाकणार ते मला माहीत आहे आणि तिथे काय चरत असतं तेही माहीत आहे.

भावाला मी सगळं सांगितलं. तो वाईट नाही, बापूजी, तुमच्यासारखाच सूर्यास्ताआधी जेवतो, मुंगी बघून पाय उचलतो. म्हणाला, ‘जीजी, पाकीट आपण बनवतो, रस्त्यावर आपण टाकतो का?’ मी म्हटलं, विषाच्या गोळ्या बनवणारा तरी स्वतः कुठे पोत्यात टाकतो? मग तो चिडला. ‘गाईचा खोडा कुणाच्या पैशाने आला? डॉक्टर कुणी बोलावला? आपण दान देतो म्हणून ती आज उभी आहे.’ हेच मला सहन होईना. आधी तिच्या पोटात घालायचं, मग ते काढायला दान द्यायचं, मग दानाचा दगड लावायचा आणि त्यावर बापाचं नाव! मी हे बोलले तेव्हा त्याने ताट सारलं. म्हणाला, ‘मग बंद कर. तुझी सही पण चालते. उद्या बंद कर आणि तू जाऊन सांग सगळ्यांना.’

म्हणून दुसऱ्या दिवशी मी खरोखरच मशीनजवळ गेले. मिस्तरी तोच आहे, कोरीटचा, तुम्ही ठेवलेला. केस पांढरे झालेत, एका कानाने कमी ऐकतो. त्याला गाईचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, फुग्याला बोट लावून बघितलं आणि म्हणाला, ‘ताई, गायले काय समजस? तिले खारट लागनं, तिनी खाई लिधं.’ मी विचारलं, मशीन बंद केलं तर? तो हसला, त्याला वाटलं मी दुरुस्तीचं बोलतेय. ‘कितला येळ?’ मी म्हटलं, कायमचं. तेव्हा त्याचं हसू गेलं. पलीकडे पाकिटं मोजून बांधणाऱ्या बायकांत त्याची सून बसली होती, तिकडे त्याने एकदा बघितलं. ‘मंग आम्ही कोठे जावानं, ताई?’ एवढंच म्हणाला, आवाज न चढवता. मी उगाच छापाच्या गुंडाळीकडे गेले, रंग बघितले आणि ऑफिसात येऊन बसले. मशीन चालूच होतं.

आज सकाळी गाय बघून आले. उभी आहे, वाळलेला चारा हळूहळू चघळते आहे, डोळ्यांत पाणी आहे पण नजर आली आहे. वरच्या वाशाला सलाईनची बाटली टांगलेली, प्लॅस्टिकची. डॉक्टर टाके बघायला आला होता, त्याने हातमोज्यांची जोडी फोडली. आपण बनवतो तसल्याच फिल्मचे ते मोजे. पांजरापोळीच्या माणसाने माझ्याकडे फिल्मचा मोठा तुकडा मागितला, गोठ्याच्या झडपेला बांधायला, टाक्यांवर पाऊस येऊ नये म्हणून. मी लगेच कारखान्यात फोन करून पाठवायला सांगितलं. सांगताना मनात थोडं बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीही मला किळस आली. मी तिच्या कपाळाला हात लावायला गेले तर तिने हात चाटला. जीभ खरखरीत, ऊन. माझ्या हाताला कशाची चव असेल, तुम्हीच विचार करा.

भाषण मला लिहावंच लागेल. वेगळ्या कागदावर लिहीन, त्यात कडुनिंबाखालचे पुडे असतील, पाणी गाळायचं फडकं असेल, लोक डोळे पुसतील. हा कागद कुठे जाणार नाही. पण तो मिटण्याआधी एक गोष्ट तुमच्यापाशी बोलून टाकते. परवापासून मी मनात सारखी तुम्हाला त्या गोठ्यात उभं करते आहे. तुम्ही घमेल्यात बघता. चपला हातात घेता, भिंतीकडेने बाहेर पडता, थेट कारखान्यात जाता आणि खटका खाली ओढता. मिस्तरीचं काय, त्याच्या सुनेचं काय, भावाच्या मुलांचं काय, कुणाचं ऐकत नाही. खांडबाऱ्याला ऐकलं नव्हतंत, इथेही ऐकलं नसतंत. फुगा हळूहळू खाली बसतो. तुम्ही हे केलं असतंत याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि परवा घमेल्याशेजारी उभी असताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं की बरं झालं तुम्ही नाही. तुम्ही असतात ना बापूजी, तर गुडघे दुखतील, ऊन लागेल, असं काहीबाही सांगून मी तुम्हाला घरीच बसवलं असतं. ती गाय मी तुमच्या नजरेला पडू दिली नसती.